शाल-श्रीफळाची फाइल : अमेरिकेच्या ईबी-१ए अर्जासाठी कलाकारांनी पुरावे कसे जमवावेत

गेल्या हिवाळ्यात एक तबलावादक आमच्या ऑफिसात तीन पिशव्या घेऊन आला. एकीत अठरा स्मृतिचिन्हं, दुसरीत फोटोंचे अल्बम आणि तिसरीत आईने वीस वर्षं जपून ठेवलेली कात्रणं. कात्रणं इतकी सुबक कापलेली की मजकुराच्या कडेकडेने कात्री फिरली होती आणि वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान यातलं काहीच उरलं नव्हतं. एका कात्रणाच्या पाठीवर साड्यांच्या सेलची अर्धी जाहिरात होती, ‘१४ ऑक्टोबरपर्यंत’. साल कोणतं, ते साडीवाल्यालाच ठाऊक.

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांकडे कलाकारांच्या फायली लावण्याचं काम करते. मी वकील नाही, त्यामुळे खाली लिहिलेलं वाचून कुणी वकिलाला सुट्टी देऊ नये. पण ईबी-१ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कलाकाराने स्वतःच करायच्या या अर्जातलं निम्म्याहून जास्त काम वकिलाचं नसतंच. ते कलाकाराच्या घरातल्या कपाटाचं असतं, आणि तिथे आपली माणसं अडतात. ‘हे सगळं गुरूंचं’ म्हणायची सवय असलेल्या माणसाला ‘मी माझ्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्या लोकांपैकी आहे’ असं कागदावर सिद्ध करायचं असतं. तोंडाने म्हणायचं नाही, सिद्ध करायचं. दोन्हींत फरक आहे आणि सगळी मेहनत त्या फरकात आहे.

आधी कुठल्या दारात उभे आहात ते बघा

नवखे लोक तीन व्हिसांची गल्लत करतात. मराठी नाटकाचा संच किंवा कीर्तनकार अमेरिकेतल्या मंडळांच्या दौऱ्यावर येतो तो बहुतेक वेळा पी-३ वर. तो व्हिसा सांस्कृतिकदृष्ट्या वेगळ्या कलेसाठी आहे, दौरा संपला की परत. ओ-१बी हा असामान्य कलाकारांचा तात्पुरता व्हिसा. त्यासाठी अमेरिकेतला कुणीतरी, म्हणजे संस्था किंवा एजंट, तुमच्या वतीने अर्ज करतो, कलाक्षेत्रातल्या संघटनेचा अभिप्राय जोडावा लागतो आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. तिसरा ईबी-१ए. हा कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा रस्ता. इथे मालक लागत नाही, नोकरीचं पत्र लागत नाही, आय-१४० हा फॉर्म तुम्ही स्वतःच स्वतःसाठी भरू शकता.

‘माझा ओ-१ झालाय, म्हणजे ईबी-१ए होणारच’ हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. होईलच असं नाही. ओ-१ मध्ये कलाकारांसाठी मोजपट्टी थोडी खाली आहे. तिथे नेहमीच्या कलाकारापेक्षा ठळकपणे वरचढ असणं पुरतं. ईबी-१ए मध्ये देशपातळीवरची किंवा आंतरराष्ट्रीय ख्याती, तीही टिकून राहिलेली, आणि क्षेत्राच्या शिखरावरच्या थोड्या लोकांत स्थान, एवढं दाखवावं लागतं. जुनी मंजुरी जरूर जोडा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

अधिकारी नेमकं काय बघतो

१९९० च्या इमिग्रेशन कायद्याने ही श्रेणी आणली. नोबेल किंवा ऑस्करसारखा एकच मोठा पुरस्कार असेल तर प्रश्नच नाही. तो नसेल तर नियमात दहा प्रकारचे पुरावे दिलेत, त्यांतले किमान तीन हवेत. तीन झाले की जिंकलो, असं मात्र नाही. २०१० साली काझारियन नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला आणि तेव्हापासून तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात दहापैकी तीन प्रकारांपुढे ‘आहे’ अशा खुणा पडतात की नाही हे बघायचं. दुसऱ्यात सगळी फाइल एकत्र ठेवून विचारायचं, की हा माणूस खरोखर वरच्या थोड्यांतला आहे का? आमच्याकडे नाकारल्या गेलेल्या ज्या फायली दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बऱ्याच पहिल्या टप्प्यात पास झालेल्या असतात आणि दुसऱ्यात आपटलेल्या.

पुराव्याची पट्टी फौजदारी खटल्यासारखी नाही. तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त आहे, एवढं पटलं की पुरे. पण पटवायचं कुणाला, ते डोळ्यांसमोर ठेवा. नेब्रास्कात किंवा टेक्सासात बसलेला तो अधिकारी सकाळी कोरियन शिल्पकाराची फाइल वाचतो आणि दुपारी तुमची. त्याने ‘सवाई’ हा शब्द ऐकलेला नाही. म्हणून आमच्या ऑफिसात एक नियम आहे. प्रत्येक पुराव्याला एक जोडकागद. पहिला कागद सांगतो काय मिळालं, दुसरा सांगतो की जे मिळालं त्याची आपल्या मुलखात किंमत काय.

उदाहरण देते. ‘आकाशवाणीची ए ग्रेड’ हे वाचून तो अधिकारी शाळेतल्या गुणपत्रिकेची कल्पना करेल. त्याला सांगावं लागतं की आकाशवाणीची श्रवणचाचणी असते, श्रेणी बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा चढत्या असतात. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) यादीत नाव असेल तर ती भारत सरकारची १९५० साली स्थापन झालेली संस्था आहे, तिच्या यादीत कलाकारांचे वर्ग असतात आणि तुमचा वर्ग कोणता, हे सगळं लिहा. सवाई गंधर्व महोत्सवात वाजवलं असेल तर तो १९५३ पासून चालत आलाय, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि तिथे आमंत्रणाशिवाय कुणी बसत नाही, हे कागदानिशी दाखवा.

आता दहा वाटा, पण सारख्याच लांबीच्या नाहीत

पुरस्कार. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळालं म्हणजे पुरस्कार झाला, हे आपलं. नियमाला हवा देशपातळीवर मान असलेला, कलेतल्या गुणवत्तेसाठी दिलेला पुरस्कार. गल्लीतल्या गणेशोत्सवाचा सत्कार फाइलीत घातला की बाकीचं चांगलंही पातळ होतं. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार असेल तर उत्तम. तो २००६ पासून दिला जातो, चाळीस वर्षांखालच्या कलाकारांसाठी आहे, रक्कम २५ हजार रुपये. रक्कम डॉलरमध्ये मांडली तर तीनशेच्या आसपास भरते आणि अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतात. तेव्हा रकमेवर बोलू नका. कोण देतं, निवड कशी होते, देशभरातून किती विद्यांतले कलाकार असतात, पूर्वी कुणाला मिळाला आणि ते आज कुठे आहेत, यावर बोला. वयाची अट आहे म्हणून तो बाद होत नाही, त्याला देशभर मान आहे हे दाखवता आलं पाहिजे. आणि स्मृतिचिन्ह पाठवायचं नसतं. त्याचा फोटो, प्रमाणपत्र, निवडीचं पत्र आणि बातमी पाठवायची.

विशारद आणि अलंकार इथे चालत नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा दरवर्षी हजारो जण देतात. ती पदवी आहे, पुरस्कार नव्हे. अलंकारला पहिला नंबर आलेल्या बाईंना हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

सभासदत्व. वर्गणी भरून मिळतं ते चालत नाही. तज्ज्ञांनी तुमचं काम बघून निवडलेलं हवं. अकादमीची रत्न सदस्यता एका वेळी चाळीसच लोकांकडे असते, हा या नियमाचा आदर्श नमुना. ती ज्यांच्याकडे आहे ते आमच्या ऑफिसात येत नाहीत. बहुतेकांनी ही वाट सोडून द्यावी.

परीक्षक म्हणून काम. ही आपल्या लोकांची सगळ्यात दुर्लक्षित वाट. राज्य नाट्य स्पर्धा, युवा महोत्सव, चित्रकलेची राज्य प्रदर्शनं, कुठे ना कुठे तुम्ही परीक्षक म्हणून बसलेले असता आणि मानधनाचं पाकीट घेऊन घरी येता. आमंत्रणाचं पत्र पुरत नाही, प्रत्यक्ष परीक्षण केलं हे दाखवावं लागतं. निकालपत्रकावर तुमची सही, आयोजकांचं नंतरचं आभारपत्र, व्यासपीठावरचा नावाच्या पाटीसह फोटो. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं परीक्षण मोजलं गेलं तरी दुसऱ्या टप्प्यात त्याने काही भर पडत नाही.

मौलिक योगदान. नवी बंदिश बांधली, नवी शैली काढली, एवढ्यावर थांबू नका. ते इतरांनी उचललं का? डॉ. विद्याधर ओकांची २२ श्रुतींची संवादिनी हे चटकन समजणारं उदाहरण आहे. वाद्य नवं आहे हे एक, आणि त्यामुळे वाजवणाऱ्यांच्या जगात काय बदललं हे दुसरं. अधिकाऱ्याला दुसरं हवं असतं. तुमची बंदिश दुसऱ्या घराण्याच्या गायकाने मैफलीत गायली असेल तर ती ध्वनिफीत आणि कार्यक्रमपत्रिका तुमच्या दहा प्रशस्तिपत्रकांपेक्षा मोलाची.

प्रदर्शन. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार यांची ही हक्काची वाट. इमिग्रेशन खात्याच्या २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या धोरण-दुरुस्तीत पुन्हा सांगितलंय की इथे कलेचंच प्रदर्शन धरायचं. यात एक खाच आहे. भाडं भरून दालन घेतलं आणि आठवडाभर चित्रं लावली, तर खूण पडेल, पण शिखर दिसणार नाही. निवड समितीने घेतलेलं, क्युरेटरने बोलावलेलं प्रदर्शन वेगळं काढून दाखवा. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं असेल तर सोसायटी १८८८ ची आहे आणि चित्रं निवडून लागतात, हे जोडकागदात आलंच पाहिजे. गायकाची मैफल ‘प्रदर्शन’ या शब्दात बसते का, यावर वाद झालेले आहेत. वादक-गायकांनी या खुणेवर सगळा भार टाकू नये.

मानधन आणि व्यावसायिक यश. क्षेत्रातल्या इतरांपेक्षा जास्त कमावता, हे दाखवायचं असतं, आणि इथे पाकिटात मिळालेली बिदागी छळते. रोखीतलं उत्पन्न या फाइलीत अस्तित्वातच नसतं. ज्या आयोजकांनी टीडीएस कापला त्यांचे फॉर्म १६ए, आयकर विवरणं, करारपत्रं एवढंच हाती राहतं. शिवाय तुमची रक्कम जास्त आहे हे कशाच्या तुलनेत, तेही दाखवावं लागतं. नाटकवाल्यांचं थोडं बरं आहे. प्रयोगांची संख्या आपल्याकडे जाहिरातीतच छापतात. ‘३०० वा प्रयोग’ या जाहिरातीबरोबर निर्मात्याकडून बुकिंगचे हिशेब आणि नाट्यगृहाच्या भाड्याच्या पावत्या मागवा. हाउसफुल्लच्या पाटीचा फोटो छान दिसतो, पण आकडा बोलतो.

उरलेल्यांपैकी विद्वत्तापूर्ण लेख हे संशोधन करणाऱ्यांसाठी. तुमच्यावर छापून आलेला मजकूर आणि मुख्य किंवा कळीची भूमिका, या दोन वाटांवर मात्र जरा जास्त थांबायला हवं. आणि या दहांपैकी एखादी वाट तुमच्या कलेला लागूच होत नसेल तर तिच्या तोडीचा दुसरा पुरावा देता येतो. तो का देताय हे आधी समजावून सांगा.

साथीदाराचं दुखणं

तो तबलावादक आठवतोय ना? त्याची खरी अडचण कात्रणांची नव्हती. त्याने तीसेक वर्षांत मोठमोठ्या गायकांना साथ केली होती आणि प्रत्येक बातमीत गायकावर चार परिच्छेद आणि शेवटी एक ओळ : ‘त्यांना तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली.’ समर्पक साथ! या दोन शब्दांत आपली समीक्षा साथीदाराला गुंडाळून मोकळी होते. अमेरिकन नियम म्हणतो, मजकूर तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल हवा. एका ओळीने भागत नाही.

आम्ही मग वाट बदलली. मजकुराऐवजी भूमिका पकडली. मान्यवर संस्थेत मुख्य किंवा कळीची भूमिका, ही नियमातली वाट साथीदारासाठी जास्त मोकळी आहे, कारण कळीची म्हणजे पुढे बसलेली असं नाही. त्याच्याशिवाय काम अडलं असतं, एवढं दाखवायचं असतं. आम्ही तीन महोत्सवांच्या आयोजकांकडून सविस्तर पत्रं आणली. कोणत्या वर्षी कुणाबरोबर बसला, त्याला कुणी मागून घेतलं, त्याच्या तारखेसाठी कार्यक्रमाची तारीख कशी हलवली. एका संस्थेने तर जुना ईमेल छापून दिला. त्यात गायकाने लिहिलं होतं की हा तबल्याला नसेल तर मी येणार नाही. तीन ओळींचा तो ईमेल त्या फाइलीतला माझा सगळ्यात आवडता कागद.

त्याच्या एकल वादनाच्या दोन मैफलींवर स्वतंत्र परीक्षणं होती, ती मजकुराच्या वाटेने गेली. राज्य पातळीवरच्या स्पर्धांचं परीक्षण ही तिसरी वाट. अशा तीन खुणा पडल्या.

संस्था ‘मान्यवर’ आहे, हे आणि वेगळं सिद्ध करायचं असतं. इथल्या मराठी मंडळात गायलात तर मंडळ प्रेमळ आहे, पण मान्यवर आहे का? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात मुख्य कार्यक्रम केला असेल तर अधिवेशनाचा आवाका, उपस्थिती, पूर्वी कोण येऊन गेलं, हे आयोजकांच्या कागदपत्रांतून द्या.

कात्रण, भाषांतर आणि नाव

छापील मजकुराला शीर्षक, तारीख आणि लेखक ही तिन्ही हवीत. म्हणून आईबाबांना आजच फोन करून सांगा, यापुढे कात्री नको, पूर्ण पान ठेवा. जुन्या कात्रणांसाठी आधी वर्तमानपत्राचा ई-पेपर बघा. तिथे नसेल तर त्या दैनिकाच्या कार्यालयातल्या संदर्भ विभागाला किंवा जिथे जुन्या फायली ठेवतात अशा वाचनालयाला गाठा. आम्ही साडीच्या सेलवाल्या कात्रणाचं साल असंच शोधलं. मागच्या जाहिरातीत वार होता, वार आणि तारखेवरून तीन शक्य सालं निघाली, कलाकाराला त्यांतलं एक आठवलं, आणि पुण्यातल्या त्याच्या भाच्याने दोन दुपारी फायली चाळून पान काढलं. लेखकाच्या जागी ‘प्रतिनिधी’ असेल तर तसंच लिहा, नाव बनवू नका.

दैनिक किती मोठं आहे याचा जोडकागद विसरू नका. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे खपाचे आकडे असतील तर तेच घ्या, विकिपीडियाची प्रिंट नको. मराठी वर्तमानपत्र म्हणजे अधिकाऱ्याला स्थानिक पत्रक वाटू शकतं. आवृत्ती कोणती, हेही लपवू नका. पुणे पुरवणीत आलेली बातमी आणि सगळ्या आवृत्त्यांत आलेला लेख यांत फरक आहे, आणि तो आपणच सांगितला तर विश्वास वाढतो.

इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं. उतारा नव्हे, पूर्ण. खाली भाषांतरकाराने सहीनिशी लिहायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नोटरीची सक्ती नाही. स्वतःच्या फाइलीचं भाषांतर स्वतः किंवा नवऱ्या-बायकोने करू नये, असं माझं मत. भाषांतरकाराची हौस हा वेगळाच आजार. एका मूळ बातमीत ‘ख्यातनाम’ होतं, भाषांतरात ‘जगप्रसिद्ध’ झालं. पानभर पुढे ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ याचं ‘हजारो श्रोते’ झालं. मी दोन्ही परत पाठवली. अधिकाऱ्याकडे मराठी वाचणारं कुणी असणारच नाही, असं धरून चालणं मूर्खपणाचं आहे. आणि एक अतिशयोक्ती सापडली की उरलेल्या खऱ्या कागदांकडेही तो तिरप्या नजरेने बघतो.

आणि नाव. पासपोर्टवर एक, कार्यक्रमपत्रिकेवर दुसरं, लग्नाआधीच्या बातम्यांत तिसरं. एका नृत्यांगनेच्या कारकिर्दीची पहिली बारा वर्षं माहेरच्या नावावर होती. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं. तिच्या फाइलीचं पहिलंच पान आम्ही नावांचा तक्ता म्हणून लावलं, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. मराठी बातमीतलं ‘सौ.’ नावाचा भाग नाही हेही तिथेच लिहिलं. हसू नका, एका फाइलीत ते पहिलं नाव समजलं गेलं होतं.

शिफारसपत्रं

गुरूंचं पत्र हवंच, पण ते पहिलं नको. ज्यांचा तुमच्याशी नात्याचा, शिष्यत्वाचा, व्यवहाराचा संबंध नाही आणि तरीही ज्यांना तुमचं काम ठाऊक आहे, अशांचं पत्र जड भरतं. पाच-सहा पत्रं पुरेत. सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटली तर पंधरा असून उपयोग नाही.

आपल्याकडचं नेहमीचं पत्र असं येतं : ‘श्री. अमुक हे अत्यंत गुणी, मेहनती व विनम्र कलाकार असून त्यांचे भवितव्य उज्ज्वल आहे.’ प्रेमाने लिहिलेलं असतं, पण घात करतं. भवितव्य उज्ज्वल, म्हणजे वर्तमानात अजून पोचलेले नाहीत! शिखरावरच्या माणसाला कुणी ‘होतकरू’ म्हणत नाही.

असंच एक पत्र ते लिहिणाऱ्या, कलाकाराचे गुरू नसलेल्या एका बुजुर्ग शिक्षकांशी फोनवर बोलून, त्यांच्याच आठवणींतून पुन्हा लिहून घेतलं तेव्हा असं झालं : ‘महोत्सवात मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तोवर आमची ओळख नव्हती. झपतालात त्यांनी तिस्र जातीतला कायदा ज्या तऱ्हेने उलगडला, तसा मी माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात ऐकला नव्हता. दुसऱ्या वर्षापासून आम्ही तो आमच्या वरच्या वर्गाला शिकवतो.’ याच्यामागे अभ्यासक्रमाचं पान जोडलं. पत्र दावा करतं, पान त्याला टेकू देतं. नुसत्या पत्रांवर फाइल उभी राहत नाही.

पत्रात पाच गोष्टी याव्यात : लिहिणारा कोण, तुम्हाला कसं ओळखतो, नेमकं काय बघितलं-ऐकलं, त्याने क्षेत्रात काय फरक पडला, आणि तुलनेत तुम्ही कुठे बसता. विनम्र हा शब्द काढून टाका. अमेरिकन सरकारला त्याचं काही नाही.

पुढे इथे काय करणार

तुमचं येणं अमेरिकेच्या फायद्याचं असेल आणि तुम्ही त्याच क्षेत्रात काम करत राहाल, हेही दाखवायचं असतं. करारपत्रं, निमंत्रणं, नाहीतर निदान स्वतःचा तपशीलवार आराखडा. इथे आपले लोक सहज लिहून जातात, ‘एडिसनमध्ये गाण्याचे क्लास काढेन.’ थांबा. तुमची ख्याती गायक म्हणून आहे की गुरू म्हणून? खेळाडू आणि प्रशिक्षक हे दोन वेगळे पेशे मानले जातात, तसाच प्रश्न कलाकार आणि शिक्षक यांच्याबाबतीत उठतो. मैफली मुख्य आणि क्लास त्याला जोडून, असं खरोखर असेल तर तसं मांडा. शिकवणंच मुख्य असेल तर शिष्यांनी काय मिळवलं याचेही पुरावे लागतील.

ख्याती ‘टिकलेली’ हवी हाही मुद्दा इथेच येतो. २०१६ नंतर फाइल रिकामी असेल तर प्रश्न येणार. बाळंतपण, आजारपण, कोविडची दोन वर्षं, जे असेल ते एका परिच्छेदात सांगा आणि त्यानंतरचं काम दाखवा.

विकतचे पुरस्कार

तुम्ही ईबी-१ए बद्दल दोनदा शोधलंत की तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुम्हाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार देऊ करतो. प्रवेशशुल्क भरा, ट्रॉफी घरपोच. पैसे देऊन छापलेले लेख, पैसे देऊन मिळणारं परीक्षकपद, सगळ्याचा बाजार आहे. ही दुकानं अधिकाऱ्यांनाही आता तोंडपाठ झाली आहेत. अर्ज नाकारला जाणं हा लहान तोटा. जाणूनबुजून खोटा पुरावा दिला असं ठरलं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

फाइल पाठवताना आणि नंतर

वरती विषयवार पत्र, मग क्रमांक घातलेल्या जोडपत्रांची यादी, मग जोडपत्रं. स्पायरल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, अल्बम नकोत, कागद स्कॅन होतात. मूळ प्रमाणपत्र घरी ठेवा, प्रत पाठवा. यूट्यूबचा दुवा देऊन अधिकारी तुमचा यमन ऐकत बसेल अशी आशा नको. पडद्याची प्रिंट, तारीख, प्रेक्षकसंख्या आणि दोन ओळींची माहिती द्या. पानं किती असावीत? मी चारशे पानांची फाइल नाकारलेली आणि दीडशे पानांची मंजूर झालेली पाहिली आहे.

एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे आय-१४० ची फी ७१५ डॉलर, आणि स्वतःसाठी अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलरची आश्रय-कार्यक्रम फी. पाठवायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा, चुकीची फी म्हणजे आख्खं पाकीट परत. जास्तीचे पैसे भरून प्रीमियम, म्हणजे जलद तपासणीची सोय, घेतलं तर १५ कामकाजाच्या दिवसांत हालचाल होते. हालचाल म्हणजे मंजुरीच असं नाही, आणखी पुरावे मागणारी नोटीसही असू शकते. तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि उत्तर एकदाच देता येतं, तुकड्यातुकड्याने नाही. नोटीस आली म्हणून रडू नका. ती शांतपणे वाचली तर अधिकाऱ्याला काय पटलंय हेही तिच्यात लिहिलेलं असतं.

मंजुरीनंतर भारतात जन्मलेल्यांची रांग. ईबी-१ मध्ये वर्षाला साधारण ४० हजार व्हिसा, त्यांत बायका-मुलंही मोजतात, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे तुमची तारीख, म्हणजे अर्ज दाखल झाला तो दिवस, सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये येईपर्यंत थांबावं लागतं. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, आम्ही विचारायला विसरतो.

आणि इथे दिवसा आयटीत काम करून रात्री रियाज करणाऱ्यांची एक मोठी जमात आहे, त्यांच्यासाठी. कंपनीने तुमचा ईबी-२ किंवा ईबी-३ चा, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या खालच्या श्रेणींतला, आय-१४० पूर्वी मंजूर करून घेतलेला असेल, तर त्याची जुनी तारीख कलाकार म्हणून केलेल्या ईबी-१ए ला सहसा लावता येते. फक्त मग पुढे पेशा गाण्याचा करायचा आहे, हे फाइलीत आणि घरी, दोन्हीकडे पटवून द्यावं लागतं. घरचं तुमचं तुम्ही बघा.